लाकडी पाटीवर अक्षरं कोरताना टवके उडतात: आधी टवका बघा, मग हत्यार निवडा

फणसाची फळी होती. तीन फूट लांब, नऊ इंच रुंद, सव्वा इंच जाड, खालच्या कडेला साल तशीच ठेवलेली. कुडाळजवळच्या एका होमस्टेच्या फाटकावर लावायची पाटी, नाव ‘अंगण’. तीनच अक्षरं, म्हणून दोन दिवसांत देतो असं सांगून मी कामाला बसलो. ‘अ’ झाला, अनुस्वार झाला, ‘ग’ झाला. ‘ण’ची डावी वाटी कोरत आणली, आणि वाटीच्या आत उरलेलं लाकूड, करंगळीएवढं रुंद आणि दोन इंच उंच, पटाशीच्या एका ठोक्यासरशी टक्कन सुटून पायाशी पडलं. ‘ण’च्या जागी नुसता खड्डा उरला.

फळी उलटी केली आणि मागच्या बाजूवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला वाटी वाचली, पण वाटी आणि काना यांच्यामधली पट्टी गेली.

देवनागरी पाट्या कोरणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक आहे. इंग्रजी नाव बऱ्यापैकी उतरतं, मराठी घेतलं की ‘ण’, ‘म’, ‘श’, ‘ष’ यांच्यात कुठेतरी टवका उडतोच. मग आपण हत्याराला दोष देतो. बारा पटाश्यांचा संच येतो, त्यानंतर ट्रिमर (हातात धरून चर पाडायचं विजेचं मशीन), त्यानंतर ट्रिमरची डबाभर बिटं, म्हणजे त्यात फिरणारी पाती. मी हे सगळं विकत घेतलं आहे आणि त्यातलं निम्म्याहून अधिक आजही तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं आहे. हत्यार चुकत होतं हे खरं, पण ते हलकं होतं म्हणून नव्हे. अक्षराच्या ज्या भागाला ते लावत होतो, त्या भागाचं ते हत्यारच नव्हतं.

देवनागरीत लाकूड का सुटतं

लाकूड म्हणजे भाताची घट्ट बांधलेली पेंढी समजा. पाटीची फळी आडवी असते, म्हणजे काड्याही डावीकडून उजवीकडे आडव्या. शिरोरेषा या काड्यांच्या बरोबरीनं धावते. काना मात्र त्यांना आडवा छेद देतो. आता ‘ण’ घ्या. वाटीची डावी दांडी, उजवी दांडी आणि तिसरा काना, असे तीन छेद जवळजवळ. दोन छेदांच्या मध्ये जे लाकूड उरतं, त्यातली प्रत्येक काडी फक्त 10 मिमी लांबीची राहते. त्यावर पुन्हा शिरोरेषा येते आणि त्या तुकड्याचं डोकंही मोकळं करते. तीन बाजू कापलेल्या (वाटीत तर चारही), काड्या आखूड, आणि तुकडा धरून ठेवायला फक्त खालचं बूड. अशा तुकड्याला मी बेट म्हणतो. इंग्रजी ‘एच’लाही दोन उभ्या दांड्या असतात, पण तिथे डोक्यावरून सलग रेघ जात नाही आणि दांड्यांमध्ये ऐसपैस जागा असते. म्हणूनच परदेशी व्हिडिओ पाहून घेतलेला क्रम आपल्या अक्षरांवर फसतो.

अक्षर बिघडलं की पहिलं काम: उडालेला तुकडा शोधा. तो पुढे चिकटवायलाही लागणार आहे, पण आधी त्याचं रूप बघायचं. ठोकळ्यासारखा आहे, की लांब कुसळासारखा? की तुकडा उडालेलाच नाही, नुसती कड केसाळ झाली आहे? की कड काळी पडली आहे? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि त्यावरचं हत्यारही वेगळं.

ठोकळा सुटला असेल तर

माझ्या ‘ण’चं हेच झालं होतं आणि यातच सगळ्यात जास्त पाट्या जातात. मी अक्षराच्या बाहेरच्या रेघेवर 12 मिमीची पटाशी उभी धरून मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोड्यानं, ठोकत चाललो होतो. सगळी कड दहा मिमी खोल मारून घ्यायची आणि मग मधलं लाकूड उपटायचं, असा बेत. पटाशीचा ढाळ, म्हणजे तासलेली तिरकी बाजू, टाकाऊ लाकडाकडे आणि सपाट पाठ बेटाकडे, हेही नियमाप्रमाणे. तरी बेट गेलं.

गावातल्या जुन्या सुतारकाकांना फळी दाखवली. त्यांनी सुटलेला ठोकळा परत जागेवर बसवून पाहिला, कडेवरच्या खुणा बोटानं चाचपल्या आणि म्हणाले, “तू कोरतस खंय? तू पाचर मारतस.”

बरोबर बोलले. पटाशी म्हणजे एका बाजूनं तासलेली पाचरच. तिला खाली ठोकलं की ढाळ समोरच्या लाकडाला ढकलतो. समोरचं लाकूड अजून सलग आणि भरीव असेल तर ते हलत नाही, उलट पटाशीलाच मागे रेटतं, आणि मागे उभं असतं ते आखूड काड्यांचं बेट. म्हणजे ढाळ योग्य बाजूला असूनही जोर चुकीच्या बाजूला पोचतो.

यावरचा उपाय काकांनी फळीच्या कोपऱ्यावर करून दाखवला. अक्षराच्या दांडीची रुंदी 14 मिमी असेल तर तिच्या बरोबर मध्यावर एक रेघ. पटाशी आधी त्या मधल्या रेघेवर उभी मारायची, तीही एका दमात नाही, दोन-तीन मिमी खोल. इथे पाचर दोन्हीकडे ढकलते, पण दोन्हीकडे टाकाऊ लाकूडच आहे. मग डावीकडून आणि उजवीकडून मध्याकडे तिरके काप घेत ढलप्या काढायच्या. मध्य थोडा खोल, पुन्हा बाजू, पुन्हा मध्य. कडेची रेघ शेवटचा एक मिमी उरेपर्यंत शिवायची नाही. तो शेवटचा एक मिमी मोगरीनं काढायचा नसतो. दोन्ही हातांनी दाबून, पापुद्रा सोलल्यासारखा काढायचा. काकांच्या पटाशीतून निघालेल्या ढलप्या कांद्याच्या सालीइतक्या पातळ होत्या आणि गुंडाळी होऊन पडत होत्या. माझ्या ढलप्या तोवर चुन्याच्या खड्यांसारख्या पडत होत्या. तेवढ्यावरूनही काम ओळखता येतं.

म्हणजे रुंद कान्यासाठी साधी, सपाट, धारदार पटाशी पुरते. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचं टोक असलेलं जे व्ही टूल मिळतं, ते बरेच जण कान्यासाठीच विकत घेतात, पण 14 मिमीची दांडी त्यानं काढायला गेलं की कड हमखास फाटते. पाच-सहा मिमीपर्यंतच्या रेघेला ते ठीक आहे.

आता खोलीचा हिशेब. हा आधी केला असता तर माझी पहिली फळी वाचली असती. व्ही आकाराच्या चरात दोन बाजूंमधला कोन 60 अंश असेल तर 14 मिमी रुंदीला खोली होते सुमारे 12 मिमी. कोन 90 अंश ठेवला तर 7 मिमी. 120 अंशाला जेमतेम 4 मिमी. बेट वरून 10 मिमी रुंद असेल आणि चराच्या भिंती उभ्या असतील, तर बेटाचं बूडही 10 मिमीच राहतं. भिंती तिरक्या असतील तर बूड दोन्हीकडून सात-सात मिमीनं वाढून 24 मिमी होतं. रुंद बूड आणि कमी उंची, मग बेट सहजासहजी सुटत नाही. त्यामुळे ‘ण’, ‘म’, ‘ष’ असलेल्या नावाला मी 90 अंशाच्या आसपासचाच कोन धरतो. उन्हात सावली पुरेशी पडते, अक्षर रस्त्यावरून वाचता येतं. सपाट तळाची अक्षरंच हवी असतील तर खोली बेटाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. हा माझा स्वतःचा नियम आहे, पण तो पाळायला लागल्यापासून एकही बेट गेलेलं नाही.

लांब कुसळ निघालं असेल तर

शिरोरेषा मारताना चांगली चालली होती आणि अचानक एक बोटभर लांब कुसळ रेघेबाहेर उचकटून आलं, असं असेल तर जोर नव्हे, दिशा चुकली आहे.

कान्याला जे हत्यार लागतं तेच शिरोरेषेला लावण्याची चूक इथे नडते. शिरोरेषेत पटाशीची धार काड्यांना समांतर पडते. त्या स्थितीत मोगरीचा ठोका दिला तर लाकूड कापलं न जाता चिरतं, अगदी जळणाचं लाकूड फोडावं तसं. पातळ फळी असेल तर आरपार चीर जाते. म्हणून शिरोरेषेच्या मध्यावर पटाशी कधीच ठोकायची नाही. इथे व्ही टूलचं राज्य. 60 अंशाचं, 6 मिमीचं व्ही टूल घ्यायचं, मागच्या हातानं ढकलायचं आणि पुढच्या हातानं आवरायचं. मध्यावर एक उथळ चर, मग हळूहळू रुंद. शेवटी कडा साफ करायला पटाशीच, पण धार काड्यांना समांतर न ठेवता तिरकी धरून, सरकवत.

तरीही एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत येईल. फळीतल्या काड्या शिरोरेषेशी अगदी समांतर क्वचितच असतात, थोड्या चढत्या किंवा उतरत्या असतात. चराची एक भिंत काड्यांच्या कलानं कापली जाते आणि दुसरी कलाच्या उलट. उलटी भिंत फाटते. मग ती भिंत विरुद्ध दिशेनं येऊन साफ करायची. एका दिशेनं एक भिंत, उलट फिरून दुसरी. फळी फिरवायचा कंटाळा केला की कुसळ निघालंच म्हणून समजा. साल ठेवलेल्या फळीत काड्या गाठीभोवती वळसे घेतात, त्यामुळे गाठीच्या चार बोटं अलीकडे-पलीकडे अक्षर न आणलेलं बरं. पाटीची मधोमध जागा सोडून नाव थोडं डावीकडे सरकलं तरी बिघडत नाही. रानवट फळीवर ते शोभूनच दिसतं.

शिरोरेषा मारण्याआधी तिच्या वरच्या आणि खालच्या कडेवर पट्टी ठेवून कटरनं अर्धा मिमी खोल रेघ ओढून घ्या. निघालेलं कुसळ त्या रेघेपाशी तुटतं, पुढे धावत नाही. आणि क्रम: आधी सगळे काने, ते वर शिरोरेषेच्या हद्दीत थोडे आत नेऊन थांबवायचे, आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी. कान्याच्या टोकाशी जो काही फाटलेला भाग असेल तो शिरोरेषेबरोबर कापून जातो. लिहिताना अनेकांना शिरोरेषा आधी मारायची सवय असते. कोरताना ती सोडायला मला बराच वेळ लागला.

वळणांना गोल पटाशी. ‘अ’चं पोट, ‘ग’ची गाठ, ‘व’चा गोल यांत काड्यांची दिशा वळणागणिक बदलते, त्यामुळे एका गोलाला निदान दोनदा दिशा पालटावी लागते. गोल पटाशीवर दोन आकडे असतात: एक वळणाचा क्रमांक, दुसरा मिमीतली रुंदी. दुकानदार बहुधा रुंदीच सांगतो, पण आपल्याला आधी वळण हवं. सामान्यतः 3 क्रमांक म्हणजे जवळजवळ सपाट, 5 म्हणजे मंद वळण, 8 आणि 9 म्हणजे खोल, अर्धवर्तुळाकडे जाणारं, 11 म्हणजे यू आकार. घेण्याआधी अक्षराचा कागदी नमुना खिशात घेऊन जा आणि पटाशीची धार कागदावरच्या वळणावर ठेवून बघा. जुळली तर घ्या. बाहेरच्या कडेला 5 क्रमांकाची 12 मिमी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. अनुस्वारासाठी 8 क्रमांकाची 7 मिमी: लाकडावर टेकवायची आणि जागच्या जागी गोल फिरवत न्यायची, दोन-तीन फेऱ्यांत वाटाण्याएवढा स्वच्छ खळगा पडतो. बिंदू गोल आला की सगळं नाव नेटकं दिसतं.

कड केसाळ असेल तर

तुकडा उडत नाही, पण कडेला लव उरते, पॉलिश पेपर मारला की ती आडवी पडते आणि रंग लावला की पुन्हा उभी राहते. इथे दोनच संशयित, बोथट धार किंवा ओलं लाकूड, आणि बहुतेक वेळा दोन्ही मिळून.

धारेची परीक्षा: पाइनसारख्या मऊ लाकडाच्या तुकड्यावर, काड्यांना आडवा एक काप घ्या. चराचा तळ चकचकीत दिसला तर धार आहे. तळात पांढुरक्या रेघा दिसल्या तर धारेला खाच आहे, आणि तळ मळकट, दबलेला दिसला तर धार गेलेली आहे. हातानं दाबून कोरण्याच्या हत्याराला ढाळाचा कोन 20 ते 25 अंश ठेवतो, मोगरीनं ठोकायच्या पटाशीला 25 ते 30. त्याहून कमी कोनाची पटाशी ऐनासारख्या कडक लाकडावर ठोकली तर धारेचा कण तुटतो. 1000 क्रमांकाच्या दगडावर बर (धारेच्या पाठीला बोटाला लागणारी बारीक कोर) येईपर्यंत, मग 6000 वर, मग चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावून मागे ओढत आठ-दहा हात. काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी फक्त चामडं. दगडापर्यंत जायची वेळ मग दिवसातून एखाद्या वेळीच येते. ग्राइंडरवर धार लावत असाल तर पाण्याचा डबा शेजारी हवा. धारेवर निळा रंग चढला की पोलादाचं पाणी उतरलं, तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही.

व्ही टूलची धार हे वेगळं प्रकरण आहे. त्याचे दोन पंख म्हणजे दोन पटाश्या, आणि दोन्ही सारख्याच घासल्या गेल्या पाहिजेत. जिथे ते जुळतात तिथे पोलाद जाड असतं, त्यामुळे नाकाशी एक बारीक चोच उरते आणि तीच लाकूड फाडत जाते. पंख घासून झाल्यावर हत्यार डावीकडे-उजवीकडे डोलवत खालची कणा-रेघ हलकेच गोल करायची, की चोच जाते. नवीन व्ही टूल नीट चालत नाही म्हणून परत करणाऱ्यांनी एकदा हे करून पाहावं.

ओल. फेब्रुवारीत जी पटाशी फणसात स्वच्छ चालते तीच जुलैत केस काढते. कोकणातल्या पावसात उघड्या पडवीतलं लाकूड हवेतलं पाणी पितं, काड्या मऊ पडतात आणि कापल्या जाण्याऐवजी वाकतात. ओलाव्याचं मीटर असेल तर 12 टक्क्यांच्या आसपास फळी आली की कोरायला घ्या. नसेल तर दर आठवड्याला तिचं वजन करत राहा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत धीर धरा. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत वाळायला वर्ष धरतात. घाई असेल तर वखारीतून वाळलेली फळीच घ्यावी. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेली ओली फळी टोकाकडून तडकते.

लाकडाचा स्वभावही इथेच बघावा लागतो. सागाची काडी सरळ, कोरायला समाधान देणारी, पण सागात सिलिका असते आणि ती धार खाते. शिवण या झाडाचं लाकूड हलकं, फिकट आणि पटाशीला अतिशय मवाळ. नवशिक्यानं पहिलं नाव शिवणीवर कोरावं असं माझं मत आहे. फणसात आणि आंब्यात काड्या आलटून पालटून उलट्यासुलट्या जातात, म्हणून दोन बोटांवर दिशा बदलते. आंबा स्वस्त मिळतो, पण त्याला कीड लवकर लागते, उघड्या पावसात तर टिकतच नाही. खोक्यांचा पाइन मऊ असूनही फसवतो: त्याच्या मऊ आणि कडक रेघा एकाआड एक असतात, बोथट पटाशी मऊ भाग चेपते आणि कडक भागावर अडते. जुन्या घराचं दार किंवा वासा मिळाला तर सोनंच, मात्र आधी लोहचुंबक फिरवा. मी तो न फिरवता एका जुन्या चौकटीवर ‘श्री’ काढायला गेलो आणि आतल्या मोडक्या खिळ्यानं नव्या पटाशीची धार दोन मिमी उडवली.

लव कितीही प्रयत्न करून उरतच असेल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक पातळ हात कोरण्याआधी मारा आणि वाळू द्या. काड्या एकमेकींना चिकटून ताठ राहतात. रंग भरण्याआधीही हाच हात मारायचा, नाहीतर काळा रंग काड्यांतून पसरतो आणि कान्याला मिशा फुटतात.

कड काळी पडली किंवा चर आपोआप खोल गेला तर

हे ट्रिमरवाल्यांसाठी. ऐन, बाभूळ अशा कडक लाकडावर किंवा दहा-बारा पाट्या एकदम करायच्या असतील तर ट्रिमर घ्यावाच, त्यात कमीपणा नाही. कड जळते ती बिट बोथट झाल्यानं, त्यावर चीक चिकटल्यानं किंवा हात एका जागी रेंगाळल्यानं. बिट स्वच्छ पुसा, एका खेपेला दोन-तीन मिमीच उतरा आणि हात चालता ठेवा.

सुरुवातीला 3 मिमी खोल असलेला चर शेवटाला 5 मिमी झाला असेल, तर बिट कॉलेटमधून, म्हणजे मशीनमध्ये बिट पकडणाऱ्या नळीतून, सरकतं आहे. बाजारात 6 मिमी दांड्याची बिटं येतात आणि पाव इंचाचीही येतात. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये 6 मिमीचं बिट वरवर घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण चालू कामात खाली उतरत जातं. ते सुटून बाहेर आलं तर जीवावर बेतेल. दांड्यावर कॉलेटच्या तोंडाशी पेननं खूण करा आणि एक चर मारून खूण सरकली का बघा. सरकली असेल तर मापाचं कॉलेट आणेपर्यंत मशीन बंद. बिट बदलताना प्लग काढलेलाच हवा, नुसता बटण बंद करून भागत नाही.

वरची कड फाटत असेल तर पीळदार बिटाची जात तपासा. भुस्सा वर फेकणारं बिट कडेच्या काड्याही वर उचकटतं. खाली दाबणारं घेतलं तर कड स्वच्छ येते, फक्त भुस्सा चरात कोंबला जातो, तो मधूनमधून झटकावा लागतो. शिरोरेषेसाठी पट्टी लावून चालवत असाल आणि मशीन स्वतःपासून पुढे ढकलत असाल, तर पट्टी डाव्या हाताला लावा. बिट फिरतं त्या दिशेमुळे मशीन डावीकडे ओढ घेतं आणि पट्टीला चिकटून सरळ जातं. पट्टी उजवीकडे लावली तर मशीन तिच्यापासून पळतं आणि शिरोरेषेला पोट सुटतं.

ट्रिमरला आतले टोकदार कोपरे जमत नाहीत, ते गोलच राहतात. ते पटाशीनं टोकदार करून घ्या, किंवा मुळातच गोल टोकांचं अक्षर निवडा. ‘बालू’ हा फॉन्ट मोफत मिळतो, त्याची टोकं गोल आहेत, गोल नाकाच्या बिटाला तो फार छान जातो. हातानं कोरायचं असेल तर ‘मुक्त’ चांगला, त्याच्या दांड्यांची जाडी फारशी बदलत नाही. मला स्वतःला बोरूचं वळण सगळ्यात आवडतं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे दांडीची टोकंही तिरकी येतात, आणि त्या तिरक्या टोकावर पटाशी एकदा टेकवली की कड पुरी होते. 12 मिमीच्या बोरूनं नाव कागदावर लिहा, 12 मिमीची पटाशी घ्या. लेखणी आणि हत्यार एकाच मापाचं असलं की अक्षर बिघडायला जागाच कमी राहते.

अक्षराची उंची मात्र आधी ठरवा. दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंची असा पाट्यांचा ढोबळ हिशेब आहे. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार येतात, म्हणून मी तो शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंतच धरतो आणि वरखाली वेगळी जागा सोडतो. फळीच्या मानानं नाव मोठं होत असेल तर दांड्या बारीक करू नका, फळी बदला. दांड्यांच्या गर्दीतच बेटं मरतात.

पिशवीत काय असावं

माझ्या पाट्यांपैकी बहुतेक या हत्यारांवर होतात: सपाट पटाशी 6 आणि 12 मिमी, 60 अंशाचं 6 मिमी व्ही टूल, 5 क्रमांकाची 12 मिमी आणि 8 क्रमांकाची 7 मिमी गोल पटाशी, लाकडी मोगरी, कटर, दोन सी क्लॅम्प. क्लॅम्पशिवाय फळी एका हातानं धरून कोरू नका. दोन्ही हात धारेच्या मागेच हवेत. पैसे थोडे असतील तर संच घेण्याऐवजी एक पटाशी आणि दोन चांगले दगड घ्या, बाकीची एकेक अक्षर अडेल तशी घ्या. गावात चांगला लोहार असेल तर गाडीच्या जुन्या कमानपाट्याची पटाशी घडवून घेता येते. माझी 6 मिमीची तशीच आहे आणि धार धरण्यात दुकानातल्या पटाशीला हार जात नाही. अँगल ग्राइंडरला साखळीची चकती लावून अक्षरं काढणारे दिसतात. त्या वाटेला जाऊ नका, ती चकती उसळली तर हात सोडत नाही.

तरीही बेट सुटलंच, तर

हात तिथेच थांबवा. फुंकर मारू नका, झाडू फिरवू नका. ठोकळा सापडला की त्याची आणि फळीची फुटलेली बाजू पॉलिश पेपरनं घासायची नाही, बोटही लावायचं नाही. फुटलेले काडीचे दात एकमेकांत जसेच्या तसे बसतात, तीच त्याची पकड. कोरडाच बसवून बघा. मग पाण्यात टिकणाऱ्या फेविकॉलचा पातळ हात फुटलेल्या दोन्ही बाजूंना लावा, ठोकळा बसवा, वरून चिकटपट्टीचे दोन आडवे पट्टे ताणून लावा आणि बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्यानं लगेच टिपून घ्या. एक पूर्ण दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी त्या अक्षराकडे शेवटी या, आणि त्या बेटाभोवतीचं उरलेलं काम मोगरी बाजूला ठेवून फक्त हाताच्या दाबानं करा.

‘अंगण’च्या तिसऱ्या खेपेला शिवणीची फळी घेतली. तिच्यातही ‘ण’च्या वाटीतल्या बेटाला वरच्या कोपऱ्यात टवका उडालाच, नखाएवढा. तो असाच चिकटवला आहे. पाटी तीन पावसाळे फाटकावर आहे आणि जोड कुठे आहे ते मलाही बोट फिरवूनच सापडतं.